कोरी माती

बेरिल स्किपवर्थने सव्वीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली, रोज तीनशे पोरांची तोंडं भरली; पण दर गुरुवारी सकाळी नऊ वाजता आपण जगाच्या काही उपयोगाच्या आहोत असं तिला जेवढं वाटायचं, तेवढं तिथे कधी वाटलं नव्हतं. सायकलच्या टोपलीत पाण्याची बाटली, जुनं फडकं आणि सफरचंदाच्या फोडींचा डबा टाकून ती थोरल्या चरावर जायची. हॅगबी गावाबाहेर बिटाच्या आणि गव्हाच्या शेतांमधून, त्यांचं पाणी वाहून नेणारा हा चर दोन मैल सरळ गेलेला, मध्यावर विटांचं पंपघर. पंपघराच्या पूर्वेचा काठ बेरिलचा आणि पश्चिमेचा नेव्हिल डाऊसचा. कागदावर तसं कुठे लिहिलेलं नव्हतं; पण गावात विचारलं असतं तर कुणीही तसंच सांगितलं असतं.

दोघं राखत होती ती पाणउंदरांना. पाणउंदीर म्हणजे उंदीर नव्हे, हे आधी सांगितलेलं बरं, कारण नेव्हिलच्या समोर कुणी तशी चूक केली की त्याचं डोकं फिरायचं. "घुशीला पाणउंदीर म्हणणारी माणसं मतदानाला जातात, म्हणूनच देशाचं हे असं झालंय," असं तो म्हणायचा. बोथट नाक, केसात बुडालेले कान, गुबगुबीत तपकिरी अंग. काठावर बसून दोन्ही हातांत गवताची काडी धरून कुरतडत बसणार, जरा चाहूल लागली की पाण्यात उडी. त्या उडीचा आवाज येतो 'टुप्प'. म्हणून दोघांपैकी कुणालाही पाणउंदीर दिसला, ताज्या लेंड्या दिसल्या, तिरक्या दातांनी कापलेल्या काड्यांचा ढीग दिसला, की काठावरून मोठ्याने ओरडायचं, "टुप्प!" आणि दुसऱ्याने हातातलं टाकून बघायला यायचं. सत्तरीला आलेली दोन माणसं चराच्या दोन टोकांवरून एकमेकांना 'टुप्प' म्हणून हाका मारतात, याची बिटाच्या शेतातल्या लोकांना आता सवय झाली होती.

पाणउंदरांचा वैरी म्हणजे मिंक. कातड्यासाठी पाळलेल्या, मग पिंजऱ्यातून निसटलेल्या या लांबोड्या जनावरांनी सगळा मुलूख व्यापला होता. मिंकची मादी इतकी सडपातळ असते की थेट पाणउंदराच्या बिळात शिरते. एकदा काठावर आली की महिन्या-दोन महिन्यांत मैलभर काठ निपटून काढते. म्हणून चरावर दोघांचे तीन-तीन तराफे तरंगत. तराफ्यावर एक लाकडी बोगदा आणि बोगद्यात ओल्या चिकणमातीचं तबक. मिंकला कुठल्याही भोकात डोकावल्याशिवाय राहवत नाही. ती बोगद्यातून जाते आणि मातीत तिचे पाय उमटतात. आठवड्यातून एकदा तबक बाहेर काढायचं, बघायचं, आणि पाणी शिंपडून माती पुन्हा सारखी करायची. पाय दिसले तर त्याच बोगद्यात पिंजरा. नाही दिसले तर म्हणायचं, "माती कोरी."

यात एकच शिरस्ता होता: दुसऱ्याच्या मातीला हात लावायचा नाही. पहिल्याच वर्षी बेरिलने मदत म्हणून नेव्हिलचं एक तबक सारखं करून ठेवलं, तर तो दोन आठवडे तिच्याशी धड बोलला नव्हता. "तुझ्या पावाला मी येऊन लोणी लावतो का?" एवढंच तो म्हणाला. तो स्वतः माती सारखी करायचा ती एका जुन्या चमच्याच्या पाठीने. चमचा कायम कोटाच्या वरच्या खिशात, पेनसारखा खोचलेला. बेरिल आपली ओल्या तळहाताने करायची.

तिला हे सगळं शिकवलं होतं ते नेव्हिलनेच. तीस वर्षं त्याने यंत्रावर बसून याच भागातले चर उपसले होते. कुठलं पाणी कुठून येतं, कुठे वळतं, हे त्याला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. चार वर्षांपूर्वी बेरिलचा नवरा रॉय गेला तेव्हा शवपेटीला खांदा देणाऱ्यांत नेव्हिल पुढे होता, आणि पुढच्याच गुरुवारी दारात येऊन उभा राहिला होता. "चल. तुझी माती वाळली असेल," म्हणाला. दुसऱ्या कुणी दहा वाक्यं बोलून जेवढा धीर दिला नसता तेवढा तिला त्या एका वाक्याने मिळाला. आणि पिंजऱ्यात सापडलेल्या मिंकला छऱ्याच्या पिस्तुलाने संपवायचं कामही तोच करायचा. ते तो कुणालाच करू देत नसे.

त्या वर्षी सप्टेंबरपासून नेव्हिलच्या काठावरची वस्ती ओसरायला लागली. उन्हाळ्यात त्याच्याकडे लेंड्यांच्या चौदा ताज्या जागा होत्या. सप्टेंबरात सहा. ऑक्टोबर निम्मा झाला तेव्हा दोन, त्याही वाळक्या.

"थंडी आली गं. खाली गेलेत," पंपघराच्या पायरीवर थर्मासमधला चहा ओतत नेव्हिल म्हणाला.

"माझ्या काठावर थंडी नाही वाटतं? माझ्याकडे नऊ जागा आहेत."

"तुझ्याकडे ऊन जास्त. आणि तू त्यांना सफरचंदं चारून लाडावून ठेवलंयस. माझे कष्टाळू आहेत."

ती हसली. पण घरी जाताना ते हसू टिकलं नाही. पाणउंदीर हिवाळाभर झोपत नाहीत. बिळात दाटीवाटीने राहतात, साठवलेली मुळं खातात, अधूनमधून वर येतात. दहातले सात तरी वसंत बघत नाहीत. ऑक्टोबरअखेर जे उरतात तेच पुढच्या वर्षाचं बियाणं. ते गेलं की काठ संपला.

म्हणून महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, कुणाला न सांगता, ती नेव्हिलच्या काठावर गेली आणि सहा बिळांच्या तोंडाशी सफरचंदाची एकेक फोड ठेवून आली. पाणउंदराला सफरचंद दिसलं आणि त्याने ते सोडलं, असं तिने अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं. बुधवारी सकाळी जाऊन पाहते तर सहाच्या सहा फोडी तशाच, नुसत्या तांबूस झालेल्या. गोगलगायी तेवढ्या चिकटल्या होत्या.

मग तिने ओणवं होऊन तिसऱ्या तराफ्याच्या बोगद्यात डोकावलं. मातीत पाय होते. इतके स्पष्ट की मुद्दाम उमटवल्यासारखे. पाच बोटांचे, चांदणीसारखे, नखांच्या टोकांसकट. डाव्या पुढच्या पायाला मात्र चारच बोटं. पाचव्याच्या जागी नुसती सपाट माती. कुठल्यातरी सापळ्यात नाहीतर भांडणात एक बोट गमावलेली मिंक होती.

बेरिल घाबरली. आणि खरं सांगायचं तर तिला थोडं बरंही वाटलं. कारण कळलं होतं. कारण कळलं की उपाय करता येतो. पिंजरा तिच्या घरी होता. अर्ध्या तासात आणून लावता आला असता. पण माती नेव्हिलची. उद्या गुरुवार, उद्या तो स्वतः बघेल, स्वतः फोन करेल. आपण त्याच्या काठावर हेरगिरी करत होतो हे त्याला कशाला कळायला हवं? तिने बोटसुद्धा न लावता बोगदा होता तसा ठेवला, घरी जाऊन पिंजऱ्याच्या दाराला तेल दिलं, आणि फोन जवळ घेऊन बसली.

गुरुवारी फोन आला नाही. अकरा वाजता नेव्हिल पंपघराच्या पायरीवर नेहमीसारखा बसला होता. दोन कप भरलेले.

"काय मग बाईसाहेब? तुमची माती?"

"कोरी," बेरिल म्हणाली. तिची खरंच कोरी होती. "तुझी?"

नेव्हिलने चहाचा घोट घेतला. "पहिलीवर पाणकोंबडी नाचून गेलीय. बाकी कोरी."

"तिन्ही बघितल्यास?"

"नाही, दोन बघितल्या आणि तिसरीला पत्र पाठवलं." तो स्वतःच्याच विनोदावर हसला आणि तिच्यापुढे बिस्किटं धरली.

बेरिलने बिस्किट घेतलं. हातात घेतलं म्हणून तोंडात घातलं. तिला वाटलं होतं आपण काहीतरी बोलू. ती बोलली ती हवेबद्दल. तो गाडी घेऊन गेल्यावर ती तिसऱ्या तराफ्यावर पुन्हा गेली. माती ओली, गुळगुळीत, आणि कडेकडेने चमच्याच्या पाठीचे ते ओळखीचे अर्धगोल. त्याने पाय बघितले होते. बघून पुसले होते. बेरिल काठावरच्या ओल्या गवतात बसली आणि रॉय गेला तेव्हा लोकांसमोर रडली नव्हती ती तिथे एकटी रडली.

शुक्रवारी ती त्याच्या परसात गेली. पहिलं दव गोठलं होतं आणि नेव्हिल डेलियाचे कंद खणून, झटकून, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवत होता.

"मी बुधवारी तुझी माती बघितली," ती म्हणाली.

त्याने हातातला कंद खाली ठेवला. वर पाहिलं नाही.

"चार बोटांची," ती म्हणाली.

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"ऑगस्ट."

तिला वाटलं होतं तो म्हणेल, गेल्या आठवड्यात. फार तर दोन आठवडे. ऑगस्ट म्हणजे तीन महिने. तीन महिने दर गुरुवारी त्याने तिला चहा ओतून दिला होता.

"वेड लागलंय का तुला? अरे, चौदा जागा होत्या तुझ्याकडे! चौदा!"

"मे महिन्यातली ती मिंक आठवते तुला?" नेव्हिल म्हणाला. "मी म्हणालो होतो नर आहे म्हणून."

"मग?"

"मादी होती. मारल्यावर कळलं. दूध होतं तिला." तो मातीने भरलेले हात एकमेकांवर घासत राहिला. "वाळुंजाच्या झाडाच्या मुळाखाली पिल्लं होती. दोन दिवस चिरचिर ऐकू येत होती. फावड्याने खणलं तर पाणीच आत शिरलं. तिसऱ्या दिवशी आवाज बंद झाला. त्यानंतर नाही गं झालं माझ्याच्याने. ऑगस्टमध्ये पाय दिसले, म्हटलं जाईल पुढे निघून. मग दर आठवड्याला तेच म्हणत राहिलो."

बेरिलला त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून आणखीच संताप आला. नुसतं रागावता आलं असतं तर किती सोपं झालं असतं.

"मला सांगायचंस ना. मी केलं असतं."

"तू? ख्रिसमसला टर्कीत मसाला भरताना डोळे मिटतेस तू!"

"ते माझं मी बघितलं असतं. तू खोटं बोललास, नेव्हिल. माझ्याशी."

"हो," तो म्हणाला. मग कंद पुन्हा हातात घेऊन, "लाव पिंजरा. मी करतो ते काम. शब्द देतो तुला."

निसर्गसंस्थेतल्या रोवेनाला कळवायचं तिच्या मनात होतं. सगळ्या तराफ्यांचा अहवाल तिच्याकडे जायचा. पण कळवलं असतं तर नेव्हिलच्या हातून काठ गेला असता, आणि तो काठाशिवाय कसा दिसेल हे बेरिलच्या डोळ्यांपुढे येईना. तिने कळवलं नाही. त्याला एक संधी द्यायला हवी, असं तिने स्वतःला समजावलं.

सोमवारी सकाळी मिंक पिंजऱ्यात होती. काळसर चॉकलेटी, ओली, हनुवटीखाली पांढरा ठिपका. तिने बेरिलकडे असं रोखून पाहिलं की जणू अडकलेली बेरिलच आहे. नेव्हिल आला. पिंजऱ्यावर पोतं टाकलं.

"इथे नको," तो म्हणाला. "कुणीतरी कुत्रं फिरवत येईल. घरी नेऊन करतो."

"मी थांबते तुझ्याबरोबर."

"नको. एवढं तरी ऐक माझं."

तिने ऐकलं. संध्याकाळी त्याने धुतलेला पिंजरा तिच्या दारात आणून ठेवला. "झालं," म्हणाला. त्याचा चेहरा इतका उतरला होता की बेरिलला त्याला हे करायला लावल्याचं वाईट वाटलं. तिने रोवेनाला कळवलं: मिंक एक, नेव्हिल डाऊसने संपवली. दुसऱ्या दिवशी ओव्हन तापवून तिने मनुका घातलेला प्लम ब्रेड केला आणि अर्धा त्याच्या घरी देऊन आली. त्याची बायको पॉलीन म्हणाली, "काय झालंय याला कळत नाही, धड जेवत नाही." बेरिलने तिचा हात दाबला. आपल्याला माहीत आहे आणि हिला नाही, याचं तिला त्या क्षणी जरा समाधानही वाटलं, हे कबूल करायला हवं.

तीन गुरुवार चांगले गेले. नेव्हिलच्या काठावर काही नव्हतं, पण तिच्या काठावर नऊतली पाच बिळं जागती होती. ठेवलेली फोड सकाळी गायब, नाहीतर दोन दातांच्या खुणांसकट उरलेली. "वसंतात तुझ्याकडचे माझ्याकडे येतील राहायला," नेव्हिल म्हणाला. "बिनभाड्याचं सोडणार नाही, सांगून ठेवतो." ती मनापासून हसली. आपण माफ केलंय हे तिला तेव्हा कळलं.

चौथ्या गुरुवारी काठच्या बोरूच्या गवतावर कडक हिंव पडलं होतं. पहिल्या बिळापाशी फोड तशीच. दुसऱ्यापाशी तशीच. तिसऱ्यापाशी एक पाणउंदीर पडला होता, मानेत दात रुतवून मारलेला आणि न खाता टाकून दिलेला. तिने तो उचलून हातमोज्यावर घेतला. वजन असं काही नव्हतंच.

तिच्या दुसऱ्या तराफ्याच्या मातीत पाय होते. पाच बोटांचे. आणि डावा पुढचा, चार बोटांचा.

ती किती वेळ बघत राहिली कुणास ठाऊक. डोकं समजत होतं आणि मन ऐकत नव्हतं. दोन मिंकांचं तेच बोट जाऊ शकतं का, असाही मूर्खासारखा विचार तिने करून पाहिला. मग तिने तबक बोगद्यातून काढलं, माती पुसली जाऊ नये म्हणून वर डब्याचं झाकण ठेवलं, सायकलच्या टोपलीत घातलं आणि हातात सायकल धरून चालत नेव्हिलच्या घरी गेली.

तो अजून निघाला नव्हता. गाडी सुरू होत नव्हती म्हणून स्वयंपाकघरातच होता. टेबलावर चहा, चीज, प्लम ब्रेड. तिचाच.

"अगं बेरिल! बस ना, चहा–" पॉलीन म्हणाली, आणि मग, "अगं बाई, हे काय? टेबलक्लॉथ आहे तो!"

बेरिलने तबक बरोबर नेव्हिलच्या बशीपुढे ठेवलं आणि झाकण काढलं.

नेव्हिलने पाहिलं. त्याला मोजावं लागलं नाही.

"कुठे सोडलीस?" बेरिलने विचारलं.

"सॉल्टर पुलापलीकडे." तो म्हणाला. "नऊ मैल आहे. नऊ मैल लांब नेली मी."

"काय सोडली?" पॉलीन म्हणाली. "नेव्हिल, तू मला मागाहून म्हणालास, मिंकचं काम उरकलं. जेवत नव्हतास त्याचं मला वाईट वाटत होतं. कुणाशी खरं बोलतोस तू?"

"सॉल्टर पुलाखालचं पाणी कुठे येतं?" बेरिल म्हणाली.

त्याने बशी बाजूला सरकवली.

"तीस वर्षं उपसलंस ना? मलाही तूच शिकवलंस. सांग की. कुठे येतं?"

"पंपघराला," नेव्हिल म्हणाला. "सगळं पंपघरालाच येतं."

"म्हणजे माझ्याकडे."

"मला वाटलं नव्हतं गं–"

"वाटायचं काय त्यात? तुला माहीत होतं!" आयुष्यात ती कुणाच्या घरात एवढ्या मोठ्याने बोलली नव्हती. तिने त्याच्या खिशातून चमचा ओढून काढला आणि तबकाशेजारी आपटला. "घे. पूस आता. माझ्या पाठीमागे एवढे महिने पुसलंस, एकदा माझ्यासमोर पूस."

नेव्हिलने चमचा उचलला. तबकापर्यंत नेला आणि परत ठेवला. "नाही गं होत," म्हणाला.

"माझ्यासमोर होत नाही," बेरिल म्हणाली. "पिस्तूल कुठे आहे?"

ते पॉलीनने आणून दिलं, बुटांच्या कपाटातून, तेलकट फडक्यात गुंडाळलेलं. नवऱ्याकडे न बघता दिलं. नेव्हिल उठला, "मी येतो, दाखवतो कसं–" म्हणाला. बेरिल म्हणाली, "तुझं दाखवून झालं."

कसं चालवायचं ते रोवेनाने शिकवलं; त्यासाठी तिला सगळं सांगावं लागलं, आणि रोवेनाने काही न विचारता नेव्हिलचं नाव स्वयंसेवकांच्या यादीतून काढलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मिंक तिच्या पिंजऱ्यात होती. हनुवटीखाली तोच ठिपका. मादीच होती, आणि ह्या दिवसांत तिला पिल्लं नव्हती, हे बेरिलने आधी स्वतःला सांगून घेतलं. पिस्तूल दोन्ही हातांनी धरलं. डोळे मिटले नाहीत. एका छऱ्यात झालं. मग ती सायकलीपर्यंत गेली आणि हँडलला धरून ओकली. नेव्हिलला मे महिन्यात काय झालं असेल ते तिला आता चांगलं कळत होतं. कळत होतं आणि तरीही ती त्याला माफ करू शकत नव्हती.

नंतर नुसती वाट बघणं. दोन्ही काठ आता तिचेच; सहा तबकं, पंधरा फोडी. एक आठवडा काही नाही. दुसरा नाही. बोरू पिवळा पडून मोडला, चराच्या कडेला बर्फाची पापडी धरली. तिसऱ्या आठवड्यात तिने फोडी ठेवल्या त्या केवळ सवय म्हणून. वस्ती संपली असावी असं रोवेनाला लिहून पाठवायचं, एवढंच राहिलं होतं.

ख्रिसमसच्या आधीच्या गुरुवारी हवा जरा मऊ झाली. पूर्वेच्या काठावर शेवटच्या तराफ्याचं तबक तिने बाहेर ओढलं. मातीभर पाणउंदरांची बारीक पावलं. पुढची चार बोटांची, मागची पाच, हाताच्या नखाएवढी, आलेली, गेलेली, पुन्हा आलेली. दोन आकारांची होती. म्हणजे निदान दोन जीव. आणि बोगद्याच्या तोंडाशी सफरचंदाच्या सालीचा तुकडा, त्यावर दोन दात.

बियाणं उरलं होतं. बेरिलने पंपघराच्या दिशेला मान वळवली आणि छाती भरून श्वास घेतला. 'टुप्प' अगदी ओठांवर आलं होतं.

नेव्हिल पायरीवर बसला होता. काठ काढून घेतल्यापासूनही तो दर गुरुवारी येऊन बसायचा. ती त्याच्यासमोरून सायकल घेऊन जायची, थांबायची नाही. थर्मास शेजारी. दोन कप. कोटाचा वरचा खिसा रिकामा. एवढ्या लांबूनही तो तिच्याकडेच बघतोय हे कळत होतं.

तिने श्वास सोडून दिला. बाटलीतलं पाणी शिंपडलं आणि तळहाताने, सावकाश, शेवटचं पाऊल जाईपर्यंत माती सारखी केली. तबक आत सरकवलं. सालीचा तुकडा खिशात घातला.

पंपघरापाशी आली तेव्हा तो उभा राहिला. या काही आठवड्यांत तो केवढा म्हातारा झाला होता. एक कप पुढे केला, तिने घेतला नाही, म्हणून परत घेतला.

"बेरिल," तो म्हणाला. "एवढंच सांग. माती?"

त्याला आयुष्यात दुसरं काही नको होतं, हे तिला दिसत होतं. दोन पावलांची बातमी. त्याने तिला शिकवलेली पावलं. हा शब्द उच्चारायला इतका सोपा असेल याची तिला कल्पना नव्हती.

"कोरी," ती म्हणाली, आणि सायकलवर बसून निघाली.